हंगामी फुलं बियांपासून, तीही फ्लॅटमध्ये: ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

दसरा जवळ आला की नर्सऱ्यांमध्ये पिटुनिया, डायंथस, साल्व्हियाच्या छोट्या काळ्या पिशव्या मांडलेल्या दिसायला लागतात आणि आपण त्यातली फुलं आलेली पिशवीच उचलतो, साहजिक आहे ते. पण मुठीएवढ्या पिशवीत फुलावर आलेलं रोप म्हणजे आतमध्ये मुळं गच्च भरलेली असतात, ते घरी आणून मोठ्या कुंडीत लावलं तरी पुन्हा वाढीला लागायला फार वेळ घेतं, आणि तोपर्यंत आपला अर्धा हिवाळा संपतो, तसाही तो केवढासा असतो! बियांपासून केलेलं रोप पहिल्यापासून आपल्याच खिडकीच्या उन्हाला, आपल्याच पाण्याला सरावलेलं असतं, ते कुंडीत गेल्या गेल्या फुटतं. शिवाय हवा तो रंग हवा तेवढा मिळतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, एकदा बियांपासून कराच.

पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेकांचं बी इथेच वाया जातं. घरात बी कसं पेरायचं म्हणून यूट्यूबवर शोधलं की येणारे बरेचसे व्हिडिओ थंड देशातले असतात. तिकडे बाहेर बर्फ असतो, म्हणून ते लोक घरात ट्रे मांडतात, खाली हीटिंग मॅट, वर ग्रो लाइट, नाहीतर सरळ फ्रिजच्या डोक्यावर ठेवतात ऊब मिळावी म्हणून, आणि थंडीचा शेवटचा कडाका कधी सरतो त्या तारखेवरून उलटे आठवडे मोजतात. आपल्याकडे ऑक्टोबरात पंखा बंद केला तर घामाने निथळायला होतं, आपल्याला मॅट कशाला हवी! आपण बी घरात पेरतो ते ऊब द्यायला नाही, तर परतीच्या पावसापासून, ऑक्टोबर हीटपासून, कबुतरांपासून आणि मुंग्यांपासून वाचवायला. त्यामुळे आपलं घरात ठेवणं फक्त बी रुजेपर्यंत. निम्म्या बियांचे हिरवे ठिपके दिसले रे दिसले की ट्रे उजेडात गेलाच पाहिजे, त्याच दिवशी. आणि पाणी कमी. ह्या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकी काही अवघड नाही.

कधी पेरायचं

आपण मोजायचं ते पाऊस कधी जातो त्यावरून. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा बदलल्या, त्यात मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. ठाण्याला, नवी मुंबईला तोच हिशोब धरायचा, मागेपुढे होतंच. आणि ८ तारखेनंतरही संध्याकाळी आभाळ भरून येऊन विजांसकट तासभर झोडपणं हे आपल्याकडे ठरलेलं आहे, येऊरच्या डोंगरावर ढग दाटले की घोडबंदरवाल्यांना कळतंच.

पिटुनिया, डॉग फ्लॉवर (म्हणजे स्नॅपड्रॅगन), साल्व्हिया, डायंथस, व्हर्बिना, ॲस्टर ही सगळी संथ मंडळी. बी पेरल्यापासून फूल बघायला दहा-बारा आठवडे सहज जातात, कधी जास्तच. ही सप्टेंबरच्या मध्यापासून घरात पेरायची, म्हणजे पाऊस गेला की रोपं कपात हलवण्याइतकी झालेली असतात, आणि नाताळ ते संक्रांत ह्या दिवसांत पहिली फुलं दिसतात. ऑक्टोबर संपेपर्यंत पेरली तरी चालतं, त्यानंतर मात्र पेरू नका, कारण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागतं आणि पिटुनियाला फुलायला दिवसच उरत नाहीत.

झिनिया, झेंडू, कॉसमॉस झटपट आहेत. सहा ते दहा आठवड्यांत फूल. ही दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरा, आणि सगळं पाकीट एकदम रिकामं करू नका, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पेरलं की मार्चपर्यंत काहीतरी फुललेलं राहतं.

कॅलेंडुला, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम नोव्हेंबरात, हवा जराशी उतरल्यावर. पॅन्सीचं बी मी कोणालाच सुचवत नाही. तिला रुजायला अठरा ते वीस डिग्री लागते, आपल्या फ्लॅटमध्ये ती नोव्हेंबरात पण मिळत नाही, एसीत ट्रे ठेवून वीजबिल वाढवण्यापेक्षा पॅन्सीची चार तयार रोपं डिसेंबरात आणा आणि मनसोक्त बघा.

दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर मात्र सगळं गणित पावसात जातं. मोठ्या फुलाच्या झेंडूला पेरल्यापासून साठ-सत्तर दिवस लागतात, म्हणजे दसऱ्याच्या तारखेप्रमाणे जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य. त्या दिवसांत बाहेर पेरलेलं बी कुजतं नाहीतर वाहून जातं, तेव्हा घरात पेरण्याची खरी गरज तिथे आहे. तेरडा ह्याला अपवाद, तो पावसाचाच. जूनमध्ये ग्रिलमधल्या कुंडीत टाका, आपोआप येतो आणि गौरीपर्यंत फुलतो.

बी घेताना

पाकिटावर चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख छापलेली असते, ती बघूनच घ्या. दुकानात उन्हात टांगलेली पाकिटं घेऊ नका. आपल्या हवेतल्या दमटपणाने बी लवकर मरतं, उरलेलं बी पाकिटासकट हवाबंद डब्यात, सोबत औषधाच्या बाटलीत किंवा बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर पुढच्या हंगामात बऱ्यापैकी रुजतं. फ्रीझरमध्ये नको.

कधीकधी बी गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं असतं. तो रंग बहुतेक वेळा बुरशीनाशकाच्या लेपाचा असतो, तेव्हा पेरून झालं की हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि ते बी स्वयंपाकघरातल्या वाटीत भिजवत बसू नका.

दसऱ्याला तोरणातला झेंडू सुकला की बरेच जण तोच कुस्करून कुंडीत टाकतात. चालतं, पण बघून टाका. वाळलेलं फूल उलगडलं की आत काड्यांचा झुपका निघतो, एक टोक काळं आणि दुसरं फिकट पिसासारखं. काळा भाग भरीव, टणक लागला तर ते बी. चपटा, दाबला की वाकणारा असेल तर आत काही नाही. बाजारात येणारं फूल बी पिकायच्या आधीच तोडलेलं असतं त्यामुळे बहुतेक काड्या पोकळच निघतात, आणि जे उगवतं ते आईसारखंच येईल ह्याची खात्री नसते कारण हल्ली शेतात बरंचसं हायब्रिड बी लावतात. जांभळी नाक्यावरून आणलेल्या झेंडूच्या टोपलीभर फुलांतून मूठभर रोपं आली तरी चांगलंच म्हणायचं.

कशात पेरायचं

बागेतली किंवा नर्सरीतली लाल माती बी पेरायला वापरू नका, एवढं ऐका. ती पाणी घातलं की बसते, वाळली की वरती पापुद्रा धरते, आणि पिटुनियाच्या कोंबात तो पापुद्रा फोडायची ताकद नसते. शिवाय मातीतून बुरशी येते ती वेगळीच.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणा. साडेसहाशे ग्रॅमची वीट बादलीत टाकून चारेक लिटर पाणी ओतलं की अर्ध्या तासात फुगते. मग ती धुवायची. हे बरेच जण गाळतात. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, स्वस्त विटेत तर नक्कीच, आणि त्याने कोवळ्या मुळांची टोकं करपतात. जुन्या ओढणीत किंवा पंचात भरून दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि पिळून काढा. मूठ दाबली तर एखादा थेंब यावा, धार लागू नये, इतकाच ओलावा हवा.

दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. पिठाची चाळणी नको, रव्याची जाड चाळणी घ्या आणि ती बागेसाठीच ठेवा. पिटुनियासारख्या बारीक बियांसाठी ह्या मिश्रणावर अर्धा सेंटीमीटर नुसत्या कोकोपीटचा थर, कारण खतामुळे बुरशी लवकर धरते आणि ती चिलटं पण येतात, बारीक काळी, ट्रेवर घिरट्या घालणारी. आलीच तर पिवळा चिकट सापळा बाजूला उभा करा आणि वरचा थर वाळू द्या.

ट्रे कुठलाही चालतो. खाऊच्या पार्सलचे चपटे डबे, पारदर्शक झाकणाचे, सगळ्यात उत्तम. तळाला तापलेल्या सळईने आठ-दहा भोकं पाडा, खिडकी उघडी ठेवून. प्रो-ट्रे विकत घेतला तर अठ्ठ्याण्णव खणांचा येतो, तो घरच्यासाठी फार मोठा, कात्रीने चार तुकडे करून वापरा, एका तुकड्यात एकच जात. आणि नावाची चिठ्ठी त्याच वेळी खोचा, जात आणि पेरल्याची तारीख, पेन्सिलने लिहा कारण पेनाची शाई पाण्याने जाते. कोवळी रोपं सगळी सारखी दिसतात, नंतर ओळखता येत नाहीत.

प्रत्यक्ष पेरणी

झेंडू, झिनिया सोपे. बी दिसतं, धरता येतं. झेंडूची काडी आडवी ठेवून वर अर्धा सेंटीमीटर कोकोपीट, बस. झिनियाचं बी चपटं, बाणाच्या टोकासारखं, ते पण तेवढंच खोल. झिनियाला, सूर्यफुलाला आणि नॅस्टर्शियमला मुळं हलवलेली आवडत नाहीत म्हणून ती ट्रेमध्ये न पेरता सरळ कागदी कपात पेरायची, एका कपात दोन बिया, नंतर अशक्त रोप उपटायचं नाही हां, कात्रीने कापायचं, म्हणजे शेजारच्याची मुळं दुखावत नाहीत. नॅस्टर्शियमचं बी मटाराएवढं आणि टणक, रात्रभर पाण्यात भिजवून घ्या.

पिटुनियाला मात्र वेळ काढून बसा. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया मावतात, म्हणजे काळ्या धुळीसारखंच असतं ते. पंखा बंद करा. पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घालून त्यात बी ओता. मिश्रण आधीच ओलं करून हलक्या हाताने सपाट केलेलं असलं पाहिजे, बी टाकल्यावर वरून पाणी घातलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहत जातं. आता टूथपिकचं टोक जिभेला न लावता पाण्यात बुडवा, टिपकागदाला टेकवा, आणि बियांना हळूच शिवा. एक बी टोकाला चिकटतं. ते मिश्रणावर टेकवलं की सुटतं. दोन बोटांचं अंतर सोडून पुढचं. चष्मा असेल तर चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात. वीस-पंचवीस बिया लावून होईपर्यंत मान अवघडते, पण कागदातून भुरभुरून टाकलेल्या ट्रेपेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण दाटीत उगवलेली रोपं एकमेकांना खातात आणि बुरशी सगळ्यांना एकदम घेते.

आणि पिटुनियावर काहीही पसरायचं नाही. तिला, डॉग फ्लॉवरला आणि ऑफिस टाइमला (म्हणजे चिनी गुलाब, पोर्चुलाका) रुजायला उजेड लागतो. नुसतं बी वरच्यावर टेकवायचं आणि स्प्रेच्या बाटलीने बारीक धुकं मारायचं, म्हणजे ते ओल्याला चिकटतं. उलट कॅलेंडुला, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम ह्यांना अंधार हवा, ती नीट झाकली गेली पाहिजेत. हल्ली पिटुनियाचं गोळीबंद बी पण मिळतं, प्रत्येक बियाभोवती मातीचा लेप देऊन मोहरीएवढी गोळी केलेली, धरायला सोपी. फक्त ती गोळी पेरल्यावर पूर्ण भिजून फुटायला हवी, तिच्यावर दोन-तीनदा फवारा मारा. अर्धवट भिजून पुन्हा वाळली तर लेप कडक होतो आणि बी आतच राहतं.

झाकण लावा आणि ट्रे घरातल्या थंड जागी ठेवा, म्हणजे फरशीवर, भिंतीच्या कडेला, जिथे ऊन येत नाही पण दिवसा पुस्तक वाचता येईल इतका उजेड आहे. पिटुनियाला बावीस ते पंचवीस डिग्री आवडते, आपली फरशी त्याच्या थोडी वरच असते, त्यामुळे थोडं मागेपुढे उगवतं, घाबरू नका. झाकण लावलेला ट्रे उन्हात कधीही ठेवायचा नाही, तासाभरात आत सगळं शिजतं.

मुंग्या फार हुशार. पिटुनियाचं बी रात्रीत उचलून नेतात. परातीत पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर ट्रे, जुन्या घरांमध्ये दुधाचं भांडं ठेवायचे तसं. ह्यावर दुसरा उपाय शोधायची गरज नाही.

झेंडू, झिनिया तीन ते सात दिवसांत वर येतात. पिटुनिया, डायंथस, ॲस्टर सात ते दहा-बारा. साल्व्हिया, डॉग फ्लॉवर दोन आठवडे घेतात. रोज सकाळी झाकण उघडून पाच मिनिटं हवा द्या, आतून साचलेलं पाणी पुसा. पाणी घालायची गरज बहुतेक पडतच नाही झाकण असेपर्यंत, आणि तरी लोक घालतात, प्रेमाने घालतात, आणि बी कुजतं.

हिरवं दिसलं की

पिटुनियाचा कोंब टाचणीच्या डोक्याएवढा असतो, दोन इवलीशी गोल पानं. ट्रेला तिरक्या उजेडात धरून बघितलं तरच दिसतो. अर्ध्या बिया उगवलेल्या दिसल्या की झाकण काढा आणि ट्रे खिडकीत न्या. उरलेल्या येतील मागाहून, त्यांच्यासाठी थांबू नका. खोलीतल्या मंद उजेडात एक दिवस जास्त राहिला तरी रोपं पांढुरकी, दोऱ्यासारखी लांबुडकी होऊन एका बाजूला लवंडतात आणि ती नंतर कितीही उन्हात ठेवली तरी सुधरत नाहीत.

कुठली खिडकी? पूर्वेची असेल तर प्रश्नच मिटला, सकाळचं कोवळं ऊन रोपांना मानवतं. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ह्या दिवसांत ऊन आतपर्यंत येतं, पावसाळ्याआधी जिथे ऊन यायचं नाही तिथेसुद्धा. पण ऑक्टोबरच्या दुपारी बारा ते तीन ते भाजून काढतं, तेव्हा जुनी पांढरी ओढणी किंवा हिरवी शेडनेट बांधा. पश्चिमेची चालते, दुपारी तसाच आडोसा करून. उत्तरेच्या गॅलरीत मात्र ह्या संपूर्ण काळात थेट ऊन पडतच नाही. ज्यांचं घर तसं आहे त्यांनी साधी पांढरी एलईडी ट्यूब, वीस वॅटची, रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगा आणि सकाळी सहा ते रात्री आठ-नऊपर्यंत चालू ठेवा. रोपं छान होतात. फुलायला पुढे ऊन लागेल, ते टेरेसवर नाहीतर शेजाऱ्यांच्या ग्रिलमध्ये शोधा.

नवीन टॉवरमध्ये अजून एक अडचण असते, गडद काचा. घोडबंदरच्या किंवा खारघरच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये काचेला गडद किंवा आरशासारखी फिल्म असते, आपल्याला आतून लख्ख वाटतं पण रोपांना तो उजेड पुरत नाही. दिवसा काच सरकवून उघडीच ठेवा. मच्छरजाळी पण थोडा उजेड खाते. आणि सीवूड्स, नेरूळला खाडीकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यांवर वारा इतका असतो की ट्रे दुपारपर्यंत कोरडाठक, तिथे ट्रे कट्ट्याच्या खालच्या बाजूला, वाऱ्याच्या आड ठेवायचा.

ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर कबुतरांसाठी जाळी लागणारच. ती खायला येत नाहीत, ट्रेमध्ये बसायला येतात. आणि परतीचा पाऊस आहे तोवर संध्याकाळी ट्रे आत घ्यायचा, त्या पावसाचा एक टपोरा थेंब पिटुनियाचं रोप मुळासकट उखडतो.

पाणी आता खालून. परातीत अर्धं पेर पाणी, त्यात ट्रे पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, वरचा थर गडद झाला की उचलून निथळत ठेवायचा. पुन्हा कधी? ट्रे उचलून बघा. ओला ट्रे जड लागतो, सुकलेला हलका, दोन दिवसांत हाताला अंदाज येतो आणि मग बोट खुपसून बघावं लागत नाही. सकाळीच द्या, रात्री ओलं ठेवू नका.

कारण रात्रीच्या ओलीतूनच मर येते. काल टवटवीत असलेली रोपं सकाळी आडवी. जवळून बघा, मातीला टेकतं तिथे देठ चिमटीत धरून पिळल्यासारखं बारीक, तपकिरी झालेलं असतं आणि वरची पानं अजून हिरवीगार. ही बुरशी आहे, पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे, आणि आपल्या दमट हवेत ती दोन दिवसांत अख्खा ट्रे संपवते. आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. तेवढा भाग चमच्याने मिश्रणासकट उचलून फेका, पाणी थांबवा, ट्रे वाऱ्यावर ठेवा, लांबून पंख्याची हलकी झुळूक मिळाली तरी पुष्कळ फरक पडतो. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, ती पेरायच्या आधीच मिश्रणात पाकिटावरच्या प्रमाणात मिसळली तर चांगलं, रोग आल्यावर टाकून फार उपयोग नाही. जुनं मिश्रण पुन्हा बियांसाठी वापरू नका, आणि ट्रे पुढच्या वेळी साबणाने खळाळून धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या.

कपात हलवणं

पहिली जी दोन पानं येतात ती बियांतलीच असतात. त्यानंतर येणारी खरी पानं, त्या जातीचा खरा आकार दाखवणारी. झेंडूची कातरलेली, पिटुनियाची किंचित चिकट, लवदार. खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्या की रोप कपात हलवायचं. संध्याकाळी करा. आइसक्रीमच्या काडीने खालून उचला आणि रोप धरायचं ते पानाला, देठाला अजिबात नाही. पान तुटलं तर नवीन येतं, देठ दबलं तर रोप गेलं. झेंडूचं रोप लांबुडकं झालं असेल तर पहिल्या पानांपर्यंत खोल बसवा, देठालाच मुळं फुटतात. पिटुनिया मात्र होती तेवढ्याच खोलीवर ठेवा.

दोन दिवस सावली, मग परत खिडकी. कोकोपीटमध्ये अन्न काही नसतं आणि मिश्रणातलं गांडूळखत थोडंच, त्यामुळे कपात गेल्यावर आठवड्याने एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. जास्त नको. ज्यांना हे वापरायचं नाही त्यांनी व्हर्मिवॉश, म्हणजे गांडूळखतातून निथळलेलं पाणी, दहापट पाण्यात मिसळून द्या.

मग उन्हाची सवय. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर, रोज थोडं वाढवत आठवड्याभरात चार-पाच तासांवर आणा. एकदम टेरेसवर नेलं तर पानं पांढरी पडून करपतात. पानांच्या चार जोड्या झाल्या की झेंडू, झिनिया, पिटुनियाचा शेंडा नखाने खुडा, जिवावर येतं खुडताना, पण बाजूने फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी पुष्कळ येतात. कोंबडा ह्या फुलझाडाचा शेंडा खुडू नका, त्याचा तुरा तिथेच येतो.

कुंडीत

इथलं सगळ्यांना येतं त्यामुळे थोडक्यात. आठ इंची कुंडीत मोठा झेंडू एक, बारा इंचीत पिटुनिया तीन. लाल माती, कोकोपीट, शेणखत साधारण सारखं सारखं आणि मूठभर नीमपेंड. कुंडीखाली ताटली ठेवा, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी गेलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्या फुलांचाच विषय निघतो. आणि ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला कुंडी लटकवू नका, खाली माणसं चालतात.

झिनियाच्या पानांवर जानेवारी-फेब्रुवारीत पीठ मारल्यासारखी भुरी येते. सकाळी, मुळाशीच पाणी, पानांवर नाही, आणि दोन रोपांत हवा खेळेल इतकं अंतर. बांधकामाची धूळ पानांवर साचते ती मात्र आठवड्यातून एकदा सकाळी उन्हाच्या आधी धुऊन काढा. मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर सुरुवातीलाच बोटाने पुसून टाका आणि निंबोळी तेलाचा फवारा संध्याकाळी.

सुकलेलं फूल देठासकट, खाली पान आहे तिथून काढत राहा. ह्या झाडांचं आयुष्य एका हंगामाचं, बी धरलं की त्यांच्या दृष्टीने काम संपतं आणि फुलणं थांबतं, बी धरू दिलं नाही तर ती पुन्हा पुन्हा फुलतात. म्हणून पुढच्या वर्षीसाठी बी ठेवायचं ते मार्चमध्ये, शेवटच्या फुलांचं. झिनिया, कॉसमॉस, साधा झेंडू ह्यांचं ठेवा, फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्या, तोडून कागदी पाकिटात आठ दिवस सावलीत वाळवा आणि मग डब्यात. पाकिटावर एफ-वन (पहिल्या पिढीचं हायब्रिड) लिहिलेल्या पिटुनियाचं बी ठेवून उपयोग नाही, पुढच्या पिढीत रंग आणि आकार भलताच येतो.

रिकाम्या झालेल्या ट्रेमध्ये फेब्रुवारीच्या मध्यालाच ऑफिस टाइम पेरून टाका. पिटुनियासारखंच बारीक बी, वर काही न पसरता, आणि हिला आपला उन्हाळा मनापासून आवडतो, त्यामुळे पिटुनिया काढायची वेळ येते तेव्हा कुंडीत लावायला पुढची रोपं तयार असतात.